लेकराला फुटबॉलर करून बाहेरच्या लीगला पाठवायचंय? मग आधी हे वाचा

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो अन् संध्याकाळी साडेपाचला शटर अर्धं खाली ओढून शाळेच्या ग्राउंडवर लेकरांना फुटबॉल शिकवायला जातो. पगारी कोच नाही, पण बारा-तेरा वर्षं झाली हे करतोय. २०२२ चा वर्ल्डकप मेस्सीनं उचलला त्या थंडीत ग्राउंडवर एकदम पंधराची साठ लेकरं झाली अन् तेव्हापासून दर आठवड्याला कोणी ना कोणी बाप दुकानात येतो, युरियाची गोणी घेता घेता विचारतो, सर ह्याला बाहेर कसं पाठवायचं, युट्यूबवर बघितलं स्पेनमध्ये अकॅडमी आहे म्हणे, किती लागतील?

दरवेळी तेच सांगून दमलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबलंय थोडं, पण ज्याचं लेकरू खरंच चांगलं खेळतंय त्यानं शेवटपर्यंत वाचा.

१८ च्या आत विसरा

हे कोणीच सांगत नाही म्हणून सगळ्यात आधी सांगतो. फिफाचा, म्हणजे जगाच्या फुटबॉल संघटनेचा, नियम आहे, खेळाडूच्या ट्रान्सफरच्या नियमावलीतलं कलम १९, की १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. अपवाद मोजकेच आहेत. आईबाप स्वतःच्या नोकरीधंद्यासाठी, म्हणजे फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडं राहायला गेले तर, घर अन् क्लब दोन्ही सीमेला अगदी लागून असतील तर, निर्वासित लेकरांसाठी, थोड्या दिवसांसाठी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, असे. युरोपातल्या युरोपात १६ ला चालतं पण ते तिथंच राहणाऱ्यांसाठी, आपल्या सेलू-जिंतूरच्या पोराला त्याचा काही उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल तिकडं ॲडजस्ट करतात, बापाला कागदोपत्री तिथं नोकरी दाखवतात. करायचे काहीजण. पण ह्याच नियमाखाली बार्सिलोनाला २०१४ मध्ये फिफानं शिक्षा केली, दोन ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायच्या दोन ठरलेल्या मुदतींत, नवे खेळाडू घेता आले नाहीत, पुढं रियल माद्रिद अन् ॲटलेटिकोवर पण तीच वेळ आली. एवढे मोठाले क्लब ज्यात अडकले त्यातून तुमच्या लेकराला कोण एजंट सोडवणार आहे?

मग स्पेनमधल्या त्या अकॅडम्या काय आहेत? तर बऱ्याचशा फी घेऊन शिकवणाऱ्या आहेत. शाळा, हॉस्टेल, प्रॅक्टिस, वर्षाला लाखो रुपये. त्यात बेकायदा काही नाही, ऐपत असेल तर खुशाल पाठवा, पण लेकरू तिथं ग्राहक म्हणून चाललंय, क्लबनं निवडलेला खेळाडू म्हणून नाही, एवढं डोक्यात ठेवून पाठवा. शेत विकून तर बिलकुल नको.

म्हणजे हिशोब सोपा आहे. लेकरू ८ वर्षांचं असेल तर तुमच्या हातात १० वर्षं आहेत अन् ती दहाही वर्षं इथंच, भारतातच घालवायचीत. आतापर्यंत आपल्याकडून जे गेले ते बघा ना. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबला गेला तेव्हा २२ चा होता. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला तो पण २२ चाच, अन् २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी टीमला. सगळे आधी इथं मोठ्यांच्या मॅचेस खेळून, नाव करून मग गेले.

६ ते १२ : बॉल, पाय अन् काळी माती

ह्या वयात टेक्निक सोडून काही नाही. बॉल लेकराच्या मापाचा घ्या, आठच्या आत ३ नंबर, बारापर्यंत ४ नंबर, १३ पासून ५ नंबर. आमच्याकडं सहा वर्षांच्या पोराला पण ५ नंबरचा घेतात काहून की पुढं कामाला येतो, शाळेचा शर्ट दोन साईज मोठा घेतात तसं. त्यानं लाथ मारायची सवय लागते, पाय मऊ होत नाही.

११-११ ची मॅच लावूच नका. ५-५ किंवा ७-७. बावीस लेकरं मोठ्या ग्राउंडवर सोडली की त्यातल्या पंधरा जणांना तासात चारदा सुद्धा बॉल मिळत नाही, नुसती धूळ खातात. छोट्या जागेत चार कोन लावा, नसतील तर चपला लावा, अन् दोन्ही पायांनी खेळायची सक्ती करा. मी आठवड्यात एक दिवस फक्त डाव्या पायाचा ठेवलाय, सुरुवातीला लई शिव्या घालायचे मनातल्या मनात.

आपली जमीन हा मोठा विषय आहे. काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते अन् उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घोटा मुरगळणं, गुडघा जाणं हे आमच्याकडं खेळापेक्षा जमिनीमुळं जास्त होतं. मुरूम टाकून रोलर फिरवून घेता आला तर बघा, ग्रामपंचायत नाहीतर शाळा, कोणाच्या तरी मागं लागा. अन् वॉर्मअपला फिफा ११+ शिका. वीस मिनिटांचा ठरलेला व्यायाम आहे, सामान काही लागत नाही, फुकट आहे, मोबाईलवर बघून शिकता येतो. नियमित केला की दुखापती बऱ्याच कमी होतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा सकाळी सहा ते साडेसात, बस.

खाण्याचं फार डोकं लावू नका. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, खाणाऱ्या घरी अंडी. पावडरचे डबे ह्या वयात अजिबात आणू नका.

कागद

आता हे नीट वाचा, कारण आमच्या भागातली चांगली पोरं खेळात नाही, इथं बाद होतात.

मराठवाड्यात आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, बाप म्हणायचा लिहा काहीतरी, अन् गुरुजी जूनमध्ये वय बसेल असं लिहायचे. आता तेवढं राहिलं नाही, तरी जन्माच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, शाळेच्या टीसीवर तिसरी, एका जागी ज्ञानेश्वर अन् दुसऱ्या जागी माऊली, हे आजही सर्रास आहे. माझ्याच हाताखालचा एक मिडफिल्डर, इतका शांत खेळायचा की बघत राहावं, राज्याच्या निवडीपर्यंत गेला अन् तिथं टेबलावर कागद जुळेनात. वयचोरी नव्हती ती. उलट खरं वय कागदापेक्षा कमीच होतं. पण बसलेल्या साहेबानं फाईल परत सरकवली अन् विषय संपला. तो आता पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीला येतो, ग्राउंडवर चक्कर मारतो.

म्हणून लेकरू पहिलीत असतानाच ह्या गोष्टी करून घ्या. जन्माचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून, मराठी-इंग्रजी दोन्हीत नाव असलेला. आधार त्याच्याशी जुळवून. शाळेच्या जनरल रजिस्टरला तीच तारीख, तेच स्पेलिंग. आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव, इंग्रजी अक्षरन् अक्षर सगळीकडं सारखं. चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा, दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर गेलं की मग लई पायपीट होते.

अन् वय कमी करून घालायच्या भानगडीत पडू नका. लहान वयोगटात डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, टीडब्ल्यू३ म्हणतात त्याला, फिफा तर १७ खालच्या वर्ल्डकपला एमआरआय करते. दोन वर्षं लपवून तालुक्याला कप मिळेल, वर गेलं की उघडं पडतं अन् बंदी लेकराला भोगावी लागते, तुम्हाला नाही.

पासपोर्टची घाई नाही पण १५-१६ ला काढून ठेवा. १८ च्या आतल्याची फी १,००० रुपये अन् मुदत ५ वर्षं किंवा १८ होईपर्यंत, जे आधी येईल ते, पण १५ च्या पुढच्याला १० वर्षांच्या मुदतीचा पण मागता येतो. त्यात एक बारीक गोष्ट अशी की दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो, म्हणजे आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत कामाला जायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते. खेळाच्या नादात दहावी सोडणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, बाबा गणितात ३५ पाड पण पास हो.

१२ ते १५ : रजिस्ट्रेशन अन् स्पर्धा

बारावं वर्ष का महत्त्वाचं? कारण ज्या कॅलेंडर वर्षात लेकराला १२ पूर्ण होतात तिथून फिफाच्या हिशोबात त्याचा पासपोर्ट सुरू होतो. हा विमानाचा नाही, प्लेअर पासपोर्ट, म्हणजे कोणत्या सीझनला कोणत्या क्लबकडं नोंद होती त्याची यादी. आपल्याकडं ही नोंद एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस नावाच्या ऑनलाईन सिस्टीममध्ये होते. त्यासाठी क्लब जिल्हा संघटनेमार्फत विफाशी, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेला लागतो. विफा १९११ ची आहे, महाराष्ट्राची राज्य संघटना तीच. आमच्या भागात दहा-दहा वर्षं टूर्नामेंट भरवणारी मंडळं आहेत, गणपतीची वर्गणी अन् फुटबॉलची वर्गणी एकाच पावती पुस्तकावर, पण क्लब म्हणून नोंद कुठंच नाही. पोरगं खेळलं खूप पण कागदावर शून्य.

स्पर्धेचे दोन रस्ते. एक शाळेचा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून शालेय स्पर्धा होतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आपल्याकडं क्रीडाचे दोन विभाग आहेत, छत्रपती संभाजीनगर अन् लातूर. त्यातच सुब्रतो कप, १९६० पासून चालू असलेली शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, जिल्ह्यापासून सुरू होऊन शेवटी राष्ट्रीय फेरीला जाते. पीटीच्या सरांना जूनमध्येच जाऊन भेटा, कारण एंट्री शाळा ऑनलाईन करते अन् तारीख निघून गेली की कोणी ऐकत नाही. वरच्या स्पर्धांचे दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात अन् राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आजोबा लोकांना पटवायला हे लई कामाला येतं.

दुसरा रस्ता क्लबचा. विफाच्या वयोगटाच्या स्पर्धा, राज्याची निवड, मग एआयएफएफच्या वयोगटाच्या युथ लीग. खरे मोठे लोक खेळाडू बघतात ते इथं.

आमच्याकडं एक अडचण वेगळीच आहे. बीड-परभणी भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिललाच परततात. पट्टीचा खेळाडू ऐन सीझनला कोल्हापूर-सांगलीकडं फडात असतो. हंगामी वसतिगृह किंवा मामा-मावशीकडं ठेवता आलं तर ठेवा. नाहीच जमलं तर जिथं जाईल तिथली टीम शोधा, कोल्हापूरकडं गेला असेल तर उलट नशीब समजा. तिथं पेठापेठांचा फुटबॉल आहे, लोक मॅच बघायला कामधंदा सोडून येतात, २०१७ च्या १७ खालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच.

निवासी अकॅडमी

खरं बोलायचं तर १३-१४ नंतर गावात राहून वरच्या दर्जाचं होत नाही. मी कितीही जीव तोडला तरी माझ्याकडं आठवड्याला एक बरी मॅच पण लागत नाही. मग लेकराला बाहेर काढायचंच आहे, तर स्पेनऐवजी आधी पुणे-मुंबई.

सरकारी क्रीडा प्रबोधिनी आहे, पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडापीठात, चाचण्या घेऊन निवडतात, राहणं-खाणं-शाळा सरकारची. रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही नवी मुंबईत घणसोलीला, २०१५ पासून, निवड झाली तर पूर्ण स्कॉलरशिप. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, क्लबांच्या युथ टीम आहेत. राज्य सरकारनं जर्मनीच्या बायर्न म्युनिकबरोबर १४ खालची स्पर्धा घेतली होती, निवडलेली पोरं म्युनिकला नेली. असलं काही निघालं की जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर लागतं, तिथं महिन्यातून एकदा तरी डोकवा.

ट्रायलला जाताना. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी उतरून थेट ग्राउंडवर पोराला उभं करू नका, एक दिवस आधी पोचा, झोपू द्या. घणसोलीला ठाण्याहून लोकल आहे. कागदांची फाईल ओरिजिनल अन् दोन झेरॉक्स. नवे बूट त्या दिवशी घालू नका, फोड येतात. अन् पोराला एक सांगा, ट्रायलमध्ये पाच जणांना कट मारून दाखवायची गरज नाही. बघणारे हे बघतात की बॉल यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघतो का, बॉल गेल्यावर उभा राहतो का परत पळतो. आमची पोरं बॉल गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहतात, तिथंच कटतात.

चांगली अकॅडमी कशी ओळखायची तर विचारा, एआयएफएफची मान्यता आहे का अन् किती स्टार, वर्षात किती लीग मॅचेस मिळतात, सीआरएस नोंद करता का. 'आमच्याकडं युरोपियन सिलॅबस आहे' हे उत्तर आलं तर चहा पिऊन निघून या.

१६ ते १८ : मॅचेस अन् व्हिडिओ

आता फक्त मॅचेस मोजा. वयोगटाची युथ लीग, मग रिलायन्सची डेव्हलपमेंट लीग, आयएसएलच्या खालच्या देशपातळीच्या लीग, राज्याची सिनियर लीग. बाहेरचा क्लब पहिला प्रश्न विचारतो तो सिनियर मॅचेस किती अन् किती मिनिटं खेळला. पोरगा मोठ्या क्लबच्या बेंचवर बसून असेल तर त्यापेक्षा छोट्या क्लबात ९० मिनिटं खेळलेला बरा.

प्रत्येक मॅच शूट करा. ड्रोन-बिन लागत नाही, शाळेच्या गच्चीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर मोबाईल आडवा धरून, मधल्या रेषेच्या सरळ, सगळी हालचाल दिसेल असं. गाणी लावून, स्लो मोशन टाकून रील बनवतात ते कोणी कोच बघत नाही. ४-५ मिनिटांची क्लिप, सुरुवातीला जर्सी नंबर अन् पोझिशन लिहिलेली, अन् खाली दोन-तीन पूर्ण मॅचची लिंक. पूर्ण मॅच महत्त्वाची, कारण चुका लपवल्या नाहीत हे त्यात दिसतं.

इंग्रजी बोलायला शिकवा, व्याकरण राहू द्या. ग्राउंडवरचे शब्द आधी. मॅन ऑन, टाईम, टर्न, स्विच, होल्ड. माझ्याकडं नऊ वर्षांची पोरं मॅन ऑन ओरडतात, शेजारून जाणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटतं काहीतरी मंत्र शिकवलाय.

एजंट अन् लुटारू

दोनेक वर्षांखाली जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉटेलात एक साहेब आले. कोट, दोन फोन, लॅपटॉपवर युरोपियन क्लबचे लोगो. इंटरनॅशनल ट्रायल, एंट्री फी एवढी, निवड झाली की व्हिसा प्रोसेसिंगचे एवढे, रिफंडेबल डिपॉझिट एवढं. आमच्या गावातून तिघांनी पैसे भरले. एकानं तर सोयाबीन भाव पडलेले असताना विकून भरले. तिघांनाही क्लबचं सिलेक्शन लेटर आलं, रंगीत, शिक्क्यासकट, ईमेल मात्र जीमेलवरून. पुढं फोन बंद.

मी तेव्हा ओरडलो नाही, खरं सांगतो. मला पण वाटलं होतं असेल बाबा खरं. त्यानंतर नियम वाचून काढले अन् आता हे पाठ झालंय.

एजंटला फिफाचं लायसन लागतं. परीक्षा देऊन मिळतं, १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचं आहे. फिफाच्या वेबसाईटवर लायसन असलेल्यांची यादी आहे, नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. यादीत नाही म्हणजे नाही, तो मामाचा मित्र असला तरी. अठराच्या आतल्या खेळाडूशी एजंट कधीही येऊन बोलू शकत नाही. त्या देशात पहिला प्रोफेशनल करार ज्या वयात करता येतो त्याच्या फार तर ६ महिने आधी, अन् ते पण आईबापाच्या लेखी परवानगीनंच. म्हणजे १३ वर्षांच्या पोराच्या बापाला 'मी ह्याला साईन करतो' म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात नियम मोडतोय. एजंटशी करार २ वर्षांच्या पुढचा नसतो. अन् एजंटची कमाई खेळाडूला पगार मिळाल्यावर त्यातून टक्क्यानं होते, आधी नाही.

जो आधी पैसे मागतो तो चोर, एवढं धरून चाला. शंका आली तर क्लबच्या अधिकृत वेबसाईटवरचा ईमेल शोधून तुम्ही स्वतः लिहा, असं पत्र तुम्ही दिलंय का. इंग्रजी जमत नसेल तर शाळेतल्या मॅडमना सांगा लिहून द्या म्हणून. फसलात तर लाजेपायी गप बसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा, लगेच केला तर खात्यातला पैसा अडवता येतो कधीकधी.

कुठं जाता येतं

इंग्लंडची प्रीमियर लीग सगळ्यांच्या डोक्यात असते. तिथं वर्क परमिटसाठी पॉइंटची पद्धत आहे, अन् देशाकडून खेळलेल्या मॅचेस मोजतात त्या फिफा क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये असलेल्या देशांच्याच. आपण २०२५ संपताना १४० च्या पण खाली होतो, आपला आजवरचा सगळ्यात चांगला क्रमांक ९४, तो १९९६ मधला. मग कळतं का जमत नाही ते. पोरात दोष नाही, पण पोरासाठी तो दरवाजा सध्या बंदच आहे.

त्यापेक्षा युरोपातल्या मधल्या-छोट्या लीग, मध्य आशिया, पूर्वेकडच्या लीग. बाहेर गेलं की सोनंच होतं असं पण नाही. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापतीनं एक मॅच न खेळता परत आला, अन् तो भारताचा सगळ्यात दमदार डिफेंडर.

अभ्यासात बरं असलेल्या लेकरासाठी अमेरिकन कॉलेजचा रस्ता आहे, त्याकडं आपल्याकडं कोणी बघतच नाही. तिथं कॉलेज फुटबॉलला, म्हणजे ते ज्याला सॉकर म्हणतात त्याला, स्कॉलरशिप मिळते. एनसीएए ही तिथल्या कॉलेजच्या खेळांची संघटना, तिचे पहिले दोन डिव्हिजन खेळावर स्कॉलरशिप देतात, तिसरा देत नाही, एनएआयए ही तशीच दुसरी वेगळी संघटना. बारावीचे मार्क, इंग्रजीची परीक्षा अन् तो मॅचचा व्हिडिओ लागतो, कॉलेजच्या कोचला थेट ईमेल करायचा. प्रोफेशनल करार मात्र त्याआधी करू नका, पात्रता जाऊ शकते.

अन् ज्यांना मुली आहेत त्यांनी जास्त लक्ष द्या. मला विचाराल तर सध्या मुलींना रस्ता जास्त मोकळा आहे, कारण गर्दी कमी अन् बाहेरच्या क्लबांना आशियातल्या मुली हव्यात. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली, मणिपूरची. मनीषा कल्याण, पंजाबातल्या खेड्यातली, वीस वर्षांची असताना २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनला गेली अन् महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली, पुढं ग्रीसच्या पाओकला. डांगमेई ग्रेस उझबेकिस्तानला, सौम्या गुगुलोथ अन् ज्योती चौहान क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबला. २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला थायलंडमध्येच हरवून आशिया कपची पात्रता काढली. अन् आमच्या ग्राउंडवर साठात मुली फक्त सात. सातवी झाली की बंद करतात. त्यातली एक गोलकीपर आहे, बापाला मी तीनदा घरी जाऊन भेटलोय, चौथ्यांदा जाणार आहे.

करार आला तर

समजा सगळं जमलं, पोरगं १९-२० चं आहे, बाहेरच्या क्लबचा कागद आला. सही करायच्या आधी इंग्रजी येणाऱ्या वकिलाला दाखवा, दोन-पाच हजार गेले तरी चालतील. करार कमीत कमी तो सीझन संपेपर्यंतचा अन् जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. 'मेडिकल पास झालं तरच' किंवा 'व्हिसा मिळाला तरच करार लागू' असली अट फिफाच्या नियमात बसत नाही, मेडिकल सहीच्या आधी करायचं असतं. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट बघून खेळाडू करार सोडू शकतो. हे पाठ करा, छोट्या लीगमध्ये पगार थकतात.

मग आयटीसी, इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. नवीन देशाचं फेडरेशन ते आपल्या एआयएफएफकडं मागतं, सगळं फिफाच्या ऑनलाईन सिस्टीमवर होतं, अन् त्याला फी नाही. आयटीसीचे पैसे मागणारा पण त्याच हॉटेलातल्या साहेबाचा भाऊ समजा. व्हिसा कामाचा किंवा खेळाडूचा पाहिजे, टुरिस्ट व्हिसावर 'आधी ये मग करू' म्हणाले तर जाऊ नका. व्हिसाची सेंटर मुंबई-पुण्याला आहेत, दोन चकरा धरून चाला.

परत यायचं झालं तरी आयटीसी परत मागवावं लागतं. ते न करता आला अन् थेट गावच्या टूर्नामेंटला उतरला तर तो अन् टीम दोघं अडकतात.

क्लबवाल्यांनो, तुमचे पैसे

हे मंडळवाल्यांसाठी. खेळाडू करार चालू असताना पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ ह्या वयात शिकवलेल्या क्लबांत वाटतात, सॉलिडॅरिटी म्हणतात. १२ ते १५ ची वर्षं प्रत्येकी त्या पाच टक्क्यातले ५ टक्के, १६ पासून पुढची प्रत्येकी १० टक्के. समजा १ कोटीला गेला, तर वाटायचे ५ लाख. तुमच्याकडं १२, १३, १४ अशी तीन वर्षं होता तर २५ हजार गुणिले ३, म्हणजे ७५ हजार. आमच्या ग्राउंडवर मुरूम टाकून रोलर फिरवून दोन गोलपोस्ट उभे राहून वर जाळ्या येतील एवढ्यात. नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे पॅरिसच्या फिफा क्लिअरिंग हाऊसमधून जातात, प्लेअर पासपोर्ट बघून. त्यात तुमचं नाव नसेल तर तुमचा वाटा तुम्हाला येत नाही.

आमचं मंडळ १९९४ पासून आहे अन् नोंद करायला आम्ही गेल्या वर्षी गेलो. घटना, ऑडिट, पॅन, मंडळाच्या नावाचं बँक खातं, ठरावाची प्रत. खजिनदार म्हणाला एवढं कशाला, आपलं कोण जाणारे बाहेर. मी म्हटलं तू सही कर फक्त. केली. आता ह्या वर्षी बारा पूर्ण होणारी चौदा लेकरं आहेत, त्यांचे दाखले गोळा करायलोय, अकरा आलेत. राहिलेल्या तिघांपैकी एकाच्या दाखल्यावर अजून माऊलीच आहे.